ठकूबाई विमानात बसली

बंदुकीचा बार काढला की माणूस पुढे बघतो. डुक्कर पडलं की पळालं, निदान एखादी फांदी तरी तुटली का, हे बघायला नको? आमचे शेजारी हिलालआबा मात्र बार काढायचे आणि मागे वळून बघायचे.

दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम असे. आबा बंदूक खांद्याला लावून पांझरेच्या काठी जायचे. काठावर एक बाभूळ होती. तिच्या बुंध्याला पाठ टेकवून ते नदीच्या दिशेनं तीस पावलं मोजत चालायचे, थांबायचे, आभाळाकडे नळी करून एकच बार काढायचे आणि वळून बाभळीकडे बघायचे. बाभळीखाली कुणी नसायचं. जरा वेळ तसेच उभे राहून ते बंदूक पुसायचे आणि घरी येऊन चहा घ्यायचे.

यावर धुळ्यातल्या आमच्या गल्लीत बरीच मतं होती. कुणी म्हणे, मागून फौजदार येतोय का ते बघतात. कुणी म्हणे, स्वतःच्याच आवाजाला भिऊन तोंड फिरवतात. माझ्या बायकोच्या मते त्यांनी बाभळीवरच्या कुणाला तरी नवस बोललेला होता. मी मत देत नसे. मी जिल्हा कचेरीत शस्त्रपरवान्यांच्या टेबलावर कारकून होतो, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा माणूस दर रविवारी बार काढतो, हे मला ठाऊक नसलेलंच बरं होतं.

तसं ते कायद्यात बसत होतं. आबांचा परवाना पिकांच्या राखणीसाठी होता, आणि पांझरेच्या वाळूत भोयांच्या कलिंगडाच्या वाड्या असत. भोयांची काही हरकत नव्हती. हंगाम संपून वाळू रिकामी पडली तेव्हा मी एकदा दबकत विचारलं, "आबा, आता कसली राखण?"

"वाडी नही तं काय व्हयनं? कोल्हा तं शे ना."

कोल्ह्याला त्यांनी कधी इजा केल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

बंदूक दुनळी होती, बारा बोअरची, आणि तिचं नाव ठकूबाई. थंडीत तिला गोधडी, उन्हाळ्यात माठाशेजारची जागा. आबा न्हाव्याकडे गेले की ती शेजारच्या पाटावर बसे. एका लग्नात वाढप्यानं चुकून तिच्यापुढेही पत्रावळ मांडली, तर आबांनी ती उचलू दिली नाही. वाढप्यानं बिचाऱ्यानं तिला वरणबट्टी वाढली. कुणी हसलंच तर आबांचं उत्तर ठरलेलं असे : "बंदूक शे, फुकनी नही."

हे उत्तर ते कशालाही देत. भाजीवाली म्हणाली, आबा, वांगी महाग झालीत, तरी "बंदूक शे, फुकनी नही." चुलीच्या फुकणीचा इथे काय संबंध, हे तिलाही कळत नसे. पण ती भाव कमी करायची.

दुसरं त्यांचं वाक्य खास माझ्यासाठी राखलेलं होतं. मी सकाळी तोंडात राखुंडी घेऊन अंगणात उभा असलो की भिंतीपलीकडून आवाज येई, "भाऊसाहेब, कायदा काय सांगस?" पुलावर उभं राहून बार काढला तर तो अलीकडच्या हद्दीत धरायचा की पलीकडच्या? बंदूक नदीत पडली तर तिच्यामागे उडी मारताना परवाना कोरडा ठेवावा, की तोही बरोबर घ्यावा? तोंडात राखुंडी असल्यामुळे मला उत्तर देता येत नसे. माझं गप्प राहणं हा कायदा समजून आबा समाधानानं आत जात.

या गोष्टीच्या चार वर्षं आधी ते शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून आमच्या शेजारी राहायला आले होते. एक ट्रंक, एक घागर आणि ठकूबाई. शेती पुतण्याकडे सोपवली होती. बायको फार मागे वारलेली, एकुलती एक लेक अनसू लग्न होऊन काठेवाडात गेलेली. गाव का सोडलं विचारलं तर म्हणाले, "घर मोठं शे. आवाज घुमस." बंदुकीबरोबर राहणाऱ्या माणसाला आवाजाचं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शिकारीच्या गोष्टी मात्र त्यांनी सांगाव्यात. रानडुक्कर कसं कपाशीत शिरलं, वारा कुठून होता, ते कसं फुरफुरलं, हे सगळं ते अंगणभर फिरून दाखवत. शेवटी बसकण मारत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "मंग मी बार काढा."

"मग?"

"मंग काय? बार निंघना."

पुढे काय पडलं, हे त्यांनी एकाही गोष्टीत सांगितलं नाही. चार वर्षांत मी अशी चौदा डुकरं ऐकली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात काठेवाडातून जावयाचं पत्र आलं, अनसूला सातवा महिना आहे. जावई आपल्या खानदेशातलाच, तिकडच्या एका कापसाच्या जिनात फिटर होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाईमाणूस नाही. तेव्हा ते तिकडेच करायचं ठरलं. आबा पत्र घेऊन भिंतीशी आले.

"भाऊसाहेब, बारसाले मी तठे जासू. ठकूबाईले लई जानं शे. आजानी आंगणमा एक बार काढना, आशी आमनामा रीत शे. कायदा काय सांगस?"

या वेळी माझं तोंड रिकामं होतं आणि मी फसलो. मी खरा कायदा सांगितला. आगगाडीनं काठेवाडात जायचं तर वाटेत तीन संस्थानांची हद्द लागते. आपला परवाना तिथे चालत नाही. प्रत्येक संस्थानाला अर्ज करावा लागेल, नाही तर नाक्यावर बंदूक ठेवून घेतील.

आबांनी तीन अर्ज केले, म्हणजे मला लिहायला लावले. पहिल्या संस्थानानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं विचारलं की अर्जदार कुणाला मारण्यासाठी येत आहे, ते स्पष्ट करावं. तिसऱ्यानं कळवलं की बंदूक आमच्या नाक्यावर जमा करावी आणि परतताना खुशाल घेऊन जावी. जिथे पोहोचायचं त्या संस्थानानं मात्र जिनाच्या मालकाच्या शब्दावर परवानगीची चिठ्ठी दिली. अशी पोहोचल्यावरची सोय झाली होती, पोहोचायची नव्हती.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो, त्यात मुंबईहून काठेवाडात जाणाऱ्या विमानाची जाहिरात होती. मी ती गंमत म्हणून मोठ्यानं वाचली. आबा उठून भिंतीशी आले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, आगगाडी खाले चालस. खाले रस्ता शे, रस्तावर नाकं शेतस. इमान वरतून जास. वर कोनं राज शे?"

मी कचेरीत जाऊन पुस्तकं उलटली. वर कुणाचं राज्य आहे, याविषयी माझ्या टेबलावरच्या एकाही पुस्तकात काही नव्हतं. साहेबांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, विमानवाल्यांनाच लिहा. विमानवाल्यांचं उत्तर चारच दिवसांत आलं. बंदूक आणता येईल. ती रिकामी हवी, सुटी करून पेटीत बंद हवी. काडतुसं वेगळ्या डब्यात घालून विमान चालवणाऱ्याच्या ताब्यात द्यावी लागतील. परवाना आणि जिल्ह्याचं पत्र बरोबर हवं. तीन संस्थानं मिळून जे करू शकली नव्हती ते असं एका कागदावर झालं.

अनसूला मुलगी झाल्याची तार आली. मुलीसाठी बंदूक कशाला, असं गल्लीतल्या एका शहाण्यानं विचारलं. आबा म्हणाले, "पोऱ्यानाच बार काढो आसं कोठे लिखेल शे?" आणि माझ्याकडे बघितलं. मी कायद्याच्या वतीनं मान हलवली.

पाचव्या-सहाव्या दिवशी जावयाचं एक पत्र आलं. एरवी काठेवाडचं पत्र गल्लीभर वाचलं जाई. हे आबांनी स्वतःच वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं, आणि त्या दिवसापासून मला कायदा विचारायचं बंद केलं. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शेवटी मीच भिंतीशी गेलो.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "बारसाले बंदूक पोहचनी पाहिजे. मी नही पोहचनू तरी चाली."

"तुमच्याशिवाय ती कशी पोहोचणार, आबा?"

"म्हनीसन मी जाई राह्यनू."

विमान आठवड्यातून तीनदा सुटे. बारशाच्या आदल्या दिवशीचं गाठलं तर गाठलं. पुढचं विमान बारसं होऊन गेल्यावर होतं. मी साहेबांच्या सहीचं पत्र तयार केलं : दुनळी बंदूक एक, छऱ्यांची काडतुसं दहा. एका बारासाठी दहा कशाला, असं मी विचारलं. एक चुकलं तर, म्हणाले. आभाळ कसं चुकेल, हे मी विचारलं नाही. पत्राखाली 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो' अशी माझी सही होती. ती बघून बायको म्हणाली, "ओळखता ना? मग जा मुंबईपर्यंत बरोबर. एकटे गेले तर कुणाला तरी फुकणीचं सांगतील आणि चौकीत बसतील." मी रजा काढली. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही मुंबई गाठली.

जुहूचं विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्राकाठचं एक मोठं मैदान, कडेला पत्र्याची शेड आणि काठीवर वाऱ्यानं फुगणारी एक पिशवी. मैदानात दुहेरी पंखांचं, पाच-सहा माणसांचं विमान उभं होतं. आबांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि पंखावर बोटानं टिचकी मारली.

"हाई तं कापड शे."

"कापडच असतं, आबा. वरून रोगण देतात."

"मंग काही भेव नही. कापड म्हनजे कपाशी. आपलीच शे."

माझी भीती त्यामुळे वाढली, पण मला जायचं नव्हतं.

शेडमध्ये माणसांना काट्यावर तोलत होते. माणूस, मग त्याचं सामान. आबा अडून बसले. "मी काय कपाशीनी गाठ शे?" पण समोर एक जाडजूड शेठजी काट्यावर चढून काळजीनं आकडा बघत होते, ते पाहून आबांना बरं वाटलं आणि ते पटकन चढले. पागोट्यासकट फारसे भरले नाहीत. मग सामान. माझ्या बायकोनं दिलेले डिंकाचे लाडू, ज्वारीच्या पापडांचं, बिबड्यांचं फडकं, आबांच्या बायकोच्या जुन्या लुगड्याची बाळासाठी शिवलेली गोधडी, पेटीत निजलेली ठकूबाई आणि काडतुसांचा पत्र्याचा डबा.

तपासणीवर एक पारशी अधिकारी होते. खाकी टोपी, पिकल्या मिश्या. मी आठवडाभर घोकलेलं इंग्रजी त्यांच्यापुढे म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि आबांकडे वळून विचारलं, "आ सूं छे?"

"बंदूक शे," आबा म्हणाले.

झालं. साहेब गुजराती बोलत होते, आबा आपलं अहिराणी, आणि दोघांचं असं जमलं की मधल्यामधे मीच परका ठरलो. साहेब स्वतः शिकारी निघाले. ठकूबाईची पेटी उघडून त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. आबांनी तो फिरवू दिला. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात साहेबांनी काडतुसांचा डबा उचलला आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

त्यांनी डबा काट्यावर ठेवला. एक काडतूस काढून तळहातावर खालीवर केलं. बारा बोअरची दहा काडतुसं रत्तलभर तरी भरायला हवीत. ती पाव रत्तलाच्या थोडी वर भरली.

"डोसा," साहेब म्हाताऱ्याला हळूच म्हणाले, "आमां सीसुं नथी. सूं भर्युं छे?"

शिसं नाही, तर मग आत काय भरलंय, या प्रश्नावर आबांनी नुसतं पागोटं सारखं केलं. अफूची चोरटी ने-आण तेव्हा कशाकशातून चाले, हे साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी माझं पत्र पुन्हा वाचलं. छऱ्यांची काडतुसं दहा. व्यक्तिशः ओळखतो. खाली माझी सही, चांगली ठसठशीत. नोकरी, पेन्शन, कचेरीतल्या साहेबांचा चेहरा आणि बायकोचा चेहरा, असं ओळीनं डोळ्यांपुढे आलं. आबांचं काय होईल, हा विचार मला त्यानंतर आला, हे कबूल केलेलं बरं. बाहेर विमानाचे पंखे फिरू लागले.

साहेब म्हणाले, माल काय आहे ते कळेपर्यंत तुम्हाला जाता येणार नाही. पोलिसांना बोलवावं लागेल.

"आबा," मी म्हणालो, "सांगून टाका."

आबांनी मान खाली घातली. "फोडी दखा," ते म्हणाले.

साहेबांनी चाकूच्या टोकानं काडतुसाचं पुठ्ठ्याचं झाकण उचकटलं. आतून कापूस निघाला. स्वच्छ, सरकी काढलेला, आपल्या खानदेशचा पांढराशुभ्र कापूस. त्यांनी दुसरं फोडलं. कापूस. तिसरं फोडलं. कापूस, आणि त्याखाली नुसती दारू. चौथ्याला हात घातला तेव्हा आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. बार काढाले लागी."

"शिसं कुठे गेलं?" मी विचारलं.

"काढी टाकस मी. पह्यलेपासून." आबा माझ्याकडे बघत नव्हते. "वर गयेल शिसं खाले कोठे पडी, कोनले ठाव? खाले पोर बशेल व्हती."

मग ते बोलले. स्वतःविषयी एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अनसू दोन वर्षांची असताना गावात ताप आला. "ताप उना, अन् जातांना पोरना कान लई गया. तिनी माय बी तेच तापमा गयी." मुलीला काही ऐकू येईना. थाळी वाजवून झाली, ढोल वाजवून झाला. मग एके संध्याकाळी कपाशीत डुकरं शिरली आणि आबांनी त्यांना हुसकायला बार काढला. "मांगे वळीसन दखस तं पोर निमखाले बशेल, अन् हासी राह्यनी. तिनी टाळी वाजाडी." पावलं मोजली तर तीस भरली. जवळून काढला तर ती घाबरे, लांबून काढला तर तिच्यापर्यंत पोहोचत नसे. तीस पावलांवर तो बरोबर तिच्या छातीत वाजे. मग रोज संध्याकाळी एक बार. डुक्कर असो की नसो. लग्न होऊन जाईपर्यंत.

मला बाभूळ आठवली.

"आते तिनी पोर व्हयनी," आबा म्हणाले, "अन् अनसूनी खानं सोडं, झोपनं सोडं. पोरना कानजोगे चुटक्या वाजाडस अन् दखत बसस. बठ्ठा लोक सांगतस, पोरले आयकू येस. तिले वाटस, मन राखाले सांगतस. तिले सोताले आयकू येस असा आवाज एकच शे, भाऊ. त्या आवाजले पोर दचकनी, तं तिना भरवसा बशी." त्यांनी खिशातली जावयाच्या पत्राची घडी काढून टेबलावर ठेवली. "आजानी रीत बीत काही नही. मी भाऊसाहेबसले खोटं सांगं."

फटाका लावून भागलं असतं की, असा एक विचार माझ्या कारकुनी डोक्यात येऊन गेला. तो मी तिथेच गिळला, याचं मला अजून समाधान आहे.

पारशी साहेबांनी पत्र उघडलं नाही, तसंच परत दिलं. फोडलेल्या तीन काडतुसांमधला कापूस त्यांनी हातात धरला होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला.

"सात चालशे के?" त्यांनी विचारलं.

"एकच लागस," आबा म्हणाले.

साहेबांनी माझ्या पत्रावर 'छऱ्यांची' हा शब्द खोडून 'आवाजाची' असं इंग्रजीत लिहिलं, सही केली, आणि डबा घेऊन स्वतः मैदानात गेले. विमान त्या डब्यासाठी थांबलं. आबा पायरीवर चढले, पुन्हा उतरले आणि माझ्याजवळ आले.

"भाऊसाहेब, कायदा काय सांगस? वर डोया मिटा तं चाली का?"

"चालतं, आबा. खुशाल मिटा."

विमान उडालं, समुद्रावर वळलं, माशीएवढं झालं आणि दिसेनासं झालं. त्यातल्या कापडावर मला एकाएकी फार विश्वास वाटू लागला होता.

मी धुळ्याला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द आणि नाव : 'बाय रडनी. हिलाल.' तारवाल्यानं ती तोंड पाडून दिली. बायको म्हणाली, "अगंबाई, काय झालं? रडली म्हणजे?" गल्लीतली चार माणसं धीर द्यायला जमली. मी मात्र ओट्यावर बसून हसत होतो आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होतो. कोणतंही मूल रडल्याचा मला इतका आनंद आजवर झालेला नाही, माझी स्वतःची धरून.

आबा तीन आठवड्यांनी आले, विमानानंच. त्याच पारशी साहेबांनी त्यांना पुन्हा तोललं, तर लेकीकडच्या जेवणानं पाच रत्तल वाढलेले. भिंतीला टेकून त्यांनी मला सगळं सांगितलं. जावयाचं कौतुक केलं. जिनाच्या गोंगाटात सगळे हातवारे करूनच बोलतात, त्यामुळे अनसूशी बोलणं त्याला कधी जड गेलं नाही. बारशाच्या दिवशी मालकानं जिन थांबवला. अंगणात खाट टाकली, खाटेवर बाळाला मांडीवर घेऊन अनसू. आबांनी खाटेपासून तीस पावलं मोजली आणि बार काढला.

"मग? वळून बघितलंत?"

"नही." आबा म्हणाले. "चार वरीस कोनी नही तठे वळी वळी दखं. त्या दिन पोर मांगे बशेल व्हती, तं वळाले हिंमत व्हयेना. तसाच हुभा राह्यनू. मंग बाय रडनी. भोकाड पसरं तिनी. अन् मंग..."

त्यांनी हात वर केले, पण टाळी वाजवली नाही. तसेच धरून ठेवले.

"मंग मांगेतून टाळी वाजनी. एकच. तवय मी वळनू."

नंतर त्यांनी नाक शिंकरलं आणि मला सांगितलं की अनसूनं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. अजून आठवडाभर ती त्यांना ठेवून घेणार होती, पण घर तिचं लहान आणि सासू असते. मग ते उठून आपल्या खोलीत गेले. भिंतीपलीकडे ठकूबाईला गोधडी घातल्याचा आवाज आला, त्यानंतर कसलाच नाही.

रविवारी सकाळी ते बंदूक घेऊन निघाले तेव्हा मीही चपला घातल्या. आबांनी बघितलं आणि वाट धरली. पांझरेच्या काठी पोहोचल्यावर मी बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. आबा चालू लागले. मी मनात मोजत होतो. तिसाव्या पावलाला ते थांबले, आभाळाकडे नळी केली आणि बार काढला. तो माझ्या छातीत वाजला. मग ते नेहमीसारखे मागे वळले.

मी सरकारी नोकर, तोही शस्त्रांच्या टेबलावरचा. इकडेतिकडे बघितलं आणि टाळी वाजवली. एकच.

आबांनी बंदुकीची नळी खाली केली.

"जोरबन वाजाडा, भाऊसाहेब," ते तिकडून म्हणाले. "बंदूक शे, फुकनी नही."

मी पुन्हा वाजवली.